डेथ या मेटल बँडचा 'ह्यूमन' हा अल्बम पहिल्यांदा ऐकायचा तर 1991 चा मूळ मिक्स (वाद्यांच्या आवाजांची जुळणी) घ्यावा की 2011 चा? आणि त्याचं एवढं कौतुक का?

दुसऱ्या नाही, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: 2011 चा घ्या. कारण सांगायला जरा मागे जावं लागेल.

मी इंदूरचा, रामबागेतला. साऊंडचं काम करतो. गणपतीतले ऑर्केस्ट्रा, रवींद्र नाट्यगृहातले कार्यक्रम, लग्नांचे संगीत, मिळेल ते. 'ह्यूमन' माझ्या हाती लागला 2003 च्या सुमारास. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून एकेक गाणं उतरवायचं, सीडीवर जाळायचं आणि घरी कॉम्प्युटरच्या दोन छोट्या स्पीकरांवर ऐकायचं, असे ते दिवस. आठ गाणी जमायला दोन आठवडे लागले असतील.

माझे काका तबला शिकवायचे. एका संध्याकाळी ते आले तेव्हा मी 'फ्लॅटनिंग ऑफ इमोशन्स' लावलं होतं. अल्बममधलं हे पहिलं गाणं नुसत्या ड्रमने सुरू होतं, पण धाडकन नाही. लांबून वरात यावी तसा आवाज हळूहळू चढत येतो, दोन्ही पाय बास ड्रमवर एकसारखे चाललेले, वरून हात टॉमवर, म्हणजे छोट्या ड्रमवर, फिरतायत, आणि मग गिटार येऊन आदळतात. काका दारात चप्पल काढता काढता थांबले. अख्खं गाणं त्यांनी उभ्यानेच ऐकलं. गाणारा एवढा का ओरडतोय, याबद्दल एक अक्षर काढलं नाही. म्हणाले, "हात तयार आहे पोराचा. पण याचा डग्गा कुठे गेला?"

मला वाटलं स्पीकर छोटे, म्हणून. पुढे चांगल्या हेडफोनवर ऐकलं, मित्राकडच्या मूळ सीडीवर ऐकलं. डग्गा नव्हताच. म्हणजे बेस गिटार होती, पण जवळजवळ ऐकूच येत नव्हती. काकांनी एका ऐकण्यात जे पकडलं ते मला समजायला काही वर्षं गेली.

आता अल्बमबद्दल. डेथ हा फ्लोरिडाचा बँड, म्हणजे खरं तर चक शुल्डिनर हा एक माणूस आणि त्याच्याबरोबर बदलत गेलेले वादक. 1987 चा 'स्क्रीम ब्लडी गोर' आणि 1988 चा 'लेप्रसी' यांनी डेथ मेटल या प्रकाराचा पाया घातला. रक्त, प्रेतं, रोग हे तेव्हाचे विषय. 1990 च्या 'स्पिरिच्युअल हीलिंग'मध्ये विषय बदलायला लागले होते. त्याच वर्षी मोठा वाद झाला. युरोपच्या दौऱ्यावर चक ऐनवेळी गेला नाही, आणि बाकीचे दोघे दुसरी माणसं घेऊन डेथच्याच नावाने दौरा करून आले. चकचा भरवसा नाही, असं बोललं जाऊ लागलं.

त्यानंतर त्याने जी माणसं गोळा केली, त्यातच या अल्बमचं सगळं मर्म आहे. गिटारला पॉल मास्विडाल आणि ड्रमला शॉन रायनर्ट. दोघेही मायामीच्या सिनिक या बँडचे, दोघांचे कान जाझवर पोसलेले. रायनर्ट तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. बेसला सेडस या बँडचा स्टीव्ह डी जॉर्जिओ, जो त्या वेगातही पिक (तार छेडायची पट्टी) न वापरता बोटांनी वाजवतो. टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत निर्माता स्कॉट बर्न्सबरोबर काम झालं, आणि ऑक्टोबर 1991 मध्ये अल्बम आला. जेमतेम 34 मिनिटांचा आहे. असाध्य रोग्याला मरण मागण्याचा हक्क असावा का, यावर एक गाणं आहे. शरीरं जोडलेल्या जुळ्यांवर एक आहे, आंधळ्या माणसाच्या स्वप्नांवर एक. पूर्वीचं रक्तमांस गेलं आणि माणूस आला, नावातच आहे तसं.

आल्या आल्याच कौतुक झालं. जुन्या रांगड्या डेथवर जीव असलेल्या काहींना हे फार हुशारीचं वाटलं. आजही 'लेप्रसी'च्या पुढे न जाणारे लोक भेटतात, आणि मी त्यांच्याशी भांडत नाही. 'लेप्रसी'तला रानटीपणा पुन्हा कुणाला जमलेला नाही. पण डेथ मेटल म्हणजे नुसता वेग आणि गुरगुरणं नव्हे, त्यात लयीचा विचार करता येतो, हे बहुतेकांना पटलं ते या अल्बममुळे. हे करणारा तो एकटा नव्हता. अथिस्ट या बँडचा 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' हा अल्बम त्याच वर्षीचा, त्याच स्टुडिओतला, आणि गुंतागुंतीत काकणभर सरसच. तो मात्र तेव्हा फारसा कुणाच्या कानावर पडला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या कौतुकातली एक गोष्ट मला सतत खटकते. 'ह्यूमन'बद्दलचं जे जुनं लिखाण माझ्या वाचनात आलं, त्यात ड्रम आहेत, गिटार आहेत, चकचे शब्द आहेत. डी जॉर्जिओचं नुसतं नाव येतं. कुठून असणार? लोकांनी त्याला ऐकलंच नव्हतं. चार वादकांच्या अल्बमला वीस वर्षं तिघांच्या वाजवण्यावर दाद मिळत गेली.

हे कसं होतं ते माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. डेथच्या गिटार एक स्वर खाली उतरवलेल्या असत. अशा गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 73 हर्ट्झवर वाजते. बेसची तीच तार त्याच्या निम्म्यावर, 37 च्या आसपास, आणि तिचा पहिला उपस्वर पुन्हा बरोबर 73 वर. तिथेच जवळपास बास ड्रमचा धक्का बसतो, आणि इथे तो दोन पायांनी अखंड चाललेला. म्हणजे एकाच खुर्चीवर तिघे. बोटांनी वाजवलेल्या बेसची कड मुळातच मऊ असते. गिटारना पूर्ण मोकळं सोडलं आणि बेसला वरच्या पट्टीत थोडी जागा करून दिली नाही, तर ती संपलीच. आमच्याकडे गणपतीच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि बेस गिटार असेच एकमेकांना खातात. नवशिक्या पोरगा बेसचा फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकपट्टी, वर ढकलत राहतो. त्याने फक्त घुमारा वाढतो, सूर कळत नाही. आधी ढोलकीतलं थोडं खालचं कापावं लागतं, मग बेस आपोआप उभी राहते.

2011 मध्ये, वीस वर्षं झाल्यावर, रिलॅप्स या कंपनीने अल्बम पुन्हा काढला. नुसता आवाज वाढवून नव्हे, तर मॉरिसाउंडच्याच जिम मॉरिसने मूळ ट्रॅकवरून नव्याने मिक्स करून. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा रात्री एकच्या सुमारास हेडफोनवर होतो आणि 'सीक्रेट फेस' चालू होतं. हे गाणं मला तोंडपाठ होतं. आणि त्यात एक माणूस वाजवत होता ज्याला मी कधी भेटलोच नव्हतो! गिटारच्या मागे मागे जात नव्हता तो. त्या उतरल्या की हा चढायचा, त्या थांबल्या की मधली जागा भरायचा, रायनर्टच्या पायाशी बोलायचा. मी गाणं मागे घेऊन पाच-सहा वेळा ऐकलं. आठ वर्षं ज्याला मी पूर्ण समजत होतो ते अर्धं होतं.

काकांना ऐकवायचं राहून गेलं. ते 2009 मध्येच गेले.

म्हणून 2011 चा आधी. जुन्या मिक्सचे चाहते म्हणतील की मूळ आवाज कोरडा, आवळलेल्या मुठीसारखा आहे आणि तो नव्यात नाही. खरं आहे ते, मलाही ती मूठ आवडते. पण ती नंतर ऐका. बेस एकदा डोक्यात बसली की जुन्या मिक्समध्येही तुमचे कान ती शोधून काढतात. उलट्या क्रमाने तसं होत नाही. ओळखायची खूण म्हणजे कंपनी: मूळ अमेरिकन सीडीवर रिलेटिव्हिटीचं नाव आहे, नव्यावर रिलॅप्सचं. नव्या आवृत्तीच्या जोडीच्या सीडीत गायकाच्या आवाजाविना नुसती वाद्यं वाजवलेले काही ट्रॅकही आहेत. ओरडण्यामुळे तुम्हाला अडचण होत असेल तर तिथूनच सुरुवात करा, किंवा 'कॉस्मिक सी'पासून, त्यात गाणं नाहीच.

'लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन'चा व्हिडिओही बघा, डेथचा तो पहिलाच. फक्त त्यात बेस घेऊन जो दिसतो तो डी जॉर्जिओ नाही. तो तोवर सेडसकडे परतला होता. व्हिडिओत आहे तो दौऱ्यासाठी घेतलेला स्कॉट कॅरिनो.