उबुंटूवर पॅकेज काढण्याआधी

अरे, डिस्क भरली म्हणून दिसेल ते पॅकेज (म्हणजे उबुंटू या लिनक्स सिस्टीमवर बसवलेला प्रोग्रॅम किंवा त्याचा भाग) उडवत सुटू नकोस. पॅकेजं बसवणं-काढणं ‘एपीटी’ हे साधन करतं; आधी टर्मिनलमध्ये त्याची ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ ही आज्ञा चालव. तू किंवा इन्स्टॉलरने मुद्दाम बसवलेली पॅकेजं तेवढी दिसतील. बाकीची म्हणजे त्यांना लागतात म्हणून मागून आलेली वऱ्हाडी मंडळी. ‘रिमूव्ह’ आज्ञेने प्रोग्रॅम जातो, पण ‘ईटीसी’ डिरेक्टरीतल्या कॉन्फिग (सिस्टीमभरच्या सेटिंगच्या) फायली राहतात. त्याही नको असतील तर ‘पर्ज’ वापर. होम फोल्डरमधल्या तुझ्या सेटिंगना मात्र दोन्ही हात लावत नाहीत, ते बरंच आहे.

काढताना आज्ञेला ‘डॅश एस’ जोड: प्रत्यक्षात काही न हलवता काय काय जाणार ते दिसतं, सुडोही (म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकारही) लागत नाही. ‘ऑटोरिमूव्ह’, म्हणजे आता कुणालाच न लागणारी वऱ्हाडी पॅकेजं काढणारी आज्ञा, तिच्या बाबतीत तर हे आधी करच. यादीत अर्धा डेस्कटॉप दिसला तर तिथेच थांब आणि विचार. चुकून काही गेलंच, तर ‘व्हार’खालच्या ‘लॉग’मध्ये ‘एपीटी’ची हिस्टरी फाईल आहे, काय गेलं ते तारखेसकट मिळेल.