आजी करते त्यातलं फेथ कुठलं आणि मराठी कुठलं?

बाय,

तुझा मेसेज ब्रेकमध्ये वाचला पण त्याचं उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून हे लांबलचक पत्र, बसमध्ये टाइप करतेय तर चुका असतील त्या समजून घे. कन्फर्मेशनच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या, क्लासमध्ये तुला लिहायचंय की आपलं कुटुंब रोजच्या आयुष्यात कॅथलिक श्रद्धा कशी जगतं, आणि तू विचारतेयस की आजी वसईत जे जे करते त्यातलं फेथ कुठलं आणि नुसतं मराठी कुठलं, कारण इथे कॅनडात तुझ्या वर्गातली पोलिश मैत्रीण आणि ती फिलिपिनो मुलं यातलं काहीच करत नाहीत. वर हेही की कोणीतरी म्हणालं, मराठी म्हणजे हिंदू ना, मग तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात?

हे शेवटचं आधी उरकून टाकते. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढच्या काही दशकांत आपल्या गावांतली माणसं ख्रिस्ती झाली, कोणी मनापासून, कोणी धाकाने, कोणी जमीन वाचावी म्हणून, सगळ्या तऱ्हा होत्या आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. मला स्वतःला १७३९ साल जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गाशा गुंडाळून गेले, चर्चच्या घंटा मराठ्यांनी घाटावर नेल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला त्या अजून टांगलेल्या आहेत. राजाच गेला म्हणजे ख्रिस्ती राहण्यात फायदा असा काही उरला नव्हता, तहात धर्म पाळायची मोकळीक होती एवढंच. तरी लोक राहिले ते राहिलेच, भातशेती करत, पानवेली लावत, लुगडं नेसत आणि माळ जपत. तर पुन्हा कोणी विचारलं तर सांग की कॅनडा देश झाला १८६७ ला, आपण ख्रिस्ती झालो त्याच्या तीनेकशे वर्षं आधी.

आता आजी. ती उठल्यावर कपाळावर क्रूस काढते, पीठ मळून झालं की कणकेवर अंगठ्याने क्रूस ओढते, चप्पल काढून चर्चमध्ये शिरते आणि बाक रिकामा असला तरी खाली चटईवर बसते, गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्र आणि त्याला सोन्याचा क्रूस, दिवेलागणीला येशूच्या फोटोसमोर दिवा लावते आणि तेव्हाच अँजेलसची, म्हणजे चर्चच्या सांजप्रार्थनेची, घंटा होते. यातलं बाहेरून दिसणारं जवळजवळ सगळं मराठी आहे, आणि त्यात बिघडलं काय? पोलिश आजी ख्रिसमसच्या आदल्या रात्री टेबलक्लॉथखाली गवत पसरते तेही तिच्या गावचंच आहे ना, बायबलमध्ये कुठे लिहिलंय ते. तुला वाटलं असेल की आरती वगैरे आपल्या फादरांनी मनाने घुसवलीय, तर तसं नाहीये. १९६९ मध्ये भारतातल्या बिशपांनी बारा गोष्टींची यादी रोमला पाठवली होती, चप्पल काढणं, जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती, आणि रोमने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती मंजूर केली. त्याच्या थोडं आधीपर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, लॅटिनमधली उत्तरं धडाधड म्हणायची, अर्थ विचारला की म्हणायची देवाला कळतो तेवढं पुरे. आणि गोव्यात तर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे त्या संघाच्या धर्मगुरूने, येशूची सगळी कथा मराठी ओव्यांत रचली, क्रिस्तपुराण, ते १६१६ ला छापलं. इंग्लंडहून आलेल्या माणसाला मराठी चालली मग आपल्याला लाज वाटायचं कारण काय.

पण तुझा खरा प्रश्न हा नाहीये, मला कळतंय. तुला विचारायचंय की हे सगळं काढून टाकलं, दिवा आरती कणकेवरचा क्रूस सगळं, तर खाली काही उरतं का. तर उरतं, आणि ते सांगायला मला आजीचा बाजारच सांगावा लागेल.

तुला आजी म्हणजे आरामखुर्चीत बसलेली एवढीच माहितीये. मी तुझ्याएवढी होते तेव्हा ती पहाटेच्या विरार लोकलने पालक, मेथी, अळूच्या जुड्या पाटीत घेऊन दादरला जायची. गाडीत बसायला मिळालं की माळ काढायची, नमो मरिये पुटपुटत पुटपुटत अंधेरी यायची, शेजारी फुलवाल्या बायका हार ओवत असायच्या, त्यांच्याशी मधेच बाजारभावाची चौकशी आणि परत नमो मरिये जिथे सोडलं तिथून. मला तेव्हा हे फार विचित्र वाटायचं, प्रार्थना म्हणजे गप्प बसून करायची गोष्ट ना. बाजारात सगळे पालेभाजीवर पाणी मारतात, ताजी राहावी म्हणून थोडं मारायलाच लागतं, पण वजनावर द्यायची असेल तर ती आधी जुडी झटकायची, चांगली दोनतीनदा, गिऱ्हाइकासमोर. बाकीच्या बायका हसायच्या. मी एकदा म्हटलं एवढ्या पाण्याने कोणाचं काय जातंय, तर म्हणाली रविवारी मिस्सात ख्रिस्तशरीर, ती पवित्र भाकर, घ्यायला हाच हात पुढे करायचाय. बस, यावर लेक्चर नाही दिलं, पुढची जुडी झटकली. माझ्या मते आपल्या घरातलं सगळ्यात कॅथलिक वाक्य ते आहे आणि त्यात आरती नाही की लॅटिन नाही.

शुक्रवारचं पण तू विचारलंस. नियम सांगते, चौदा वर्षं पूर्ण झाली की मांस टाळायचा नियम लागू होतो, म्हणजे तू आता थोडक्यात वाचलीयस, आणि राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांचा उपवास अठरापासून एकोणसाठ वर्षांपर्यंत. इथल्या बिशपांनी एरवीच्या शुक्रवारी मांसाऐवजी दुसरं काही भक्तीचं किंवा दयेचं काम केलं तरी चालेल अशी सूट दिलीय. आता गंमत अशी की मासे या नियमात बसत नाहीत, आणि वसईकराला शुक्रवारी पापलेट खा म्हणणं म्हणजे शिक्षा की बक्षीस? आजीला ही पळवाट कधी पटली नाही. ती ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात मासेसुद्धा बंद करायची, सुकटसुद्धा नाही, नुसती वालाची आमटी आणि भात, आणि जे पैसे वाचतील ते एका डब्यात, ईस्टरच्या आधी तो डबा चर्चमध्ये. कधी चर्चला जाण्याआधीच रिकामा व्हायचा कारण आळीत कोणाचं तरी ऑपरेशन निघायचं. म्हणून तू मागे चॉकलेट सोडलंस आणि ते ईस्टरला दुप्पट खाल्लंस त्याला मी नाक मुरडलं होतं, आठवतंय? चॉकलेट सोडण्याला माझा विरोध नाही गं. वाचलेले पैसे कुठे गेले एवढंच विचारलं होतं.

मरणाचं पण लिही तुझ्या असाइनमेंटमध्ये, इथल्या टीचरना ते नवीन असेल. आपल्या आळीत कोणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारून जेवण येतं, संध्याकाळी क्रुसापाशी नाहीतर घरातच सगळे जमून माळेची प्रार्थना, आणि भांडण असलेला शेजारी पण येतो, तोंड वाकडं करून का होईना पण येतो. दोन नोव्हेंबरला दफनभूमीत फुलं मेणबत्त्या, अख्खा गाव तिथे. मी या केअर होममध्ये काम करते ना, तिथे रात्री कोणी शेवटच्या घटका मोजत असेल आणि घरचं कोणी पोचलेलं नसेल तर मी खुर्ची ओढून बसते, ड्युटीत ते लिहिलेलं नाही. माणूस कुठल्या धर्माचा ते बघत नाही, मोठ्याने प्रार्थना पण म्हणत नाही, तो माझा हक्क नाही. पण कोणी एकट्याने जाऊ नये हे मी त्या आळीतच शिकले.

आता जे तुला आवडणार नाही ते. तू विचारलंस नुसतं मराठी कुठलं, तर एक गोष्ट आहे जी आपण बरोबर घेऊन आलो आणि जिला चर्चच्या दाराबाहेर चपलेसारखं काढून ठेवायला हवं होतं, ती जात. हो, कॅथलिक असून. वसईत सामवेदी म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन, सगळे एकाच वेदीसमोर गुडघे टेकतात आणि घरी जाऊन स्थळ बघताना पहिला प्रश्न जातीचा. आपल्याच नात्यात एका मुलीने दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं, दोघं कॅथलिक, लग्न चर्चमध्ये, फादरांच्या हातून, तरी तिच्या मांडवात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आजी गेली. कोणाशी वाद घातला नाही, नवं लुगडं नेसली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि जेवूनच आली. हल्ली कमी झालंय म्हणतात, झालंही असेल, पण हे तू लिहिलंस तरी चालेल, कुटुंबाची अब्रू जाणार नाही. मंगळसूत्र मराठी आहे आणि चालतं. जात आपल्याकडचीच आहे आणि चालत नाही. तुझी पोलिश मैत्रीण करत नाही म्हणून एखादी गोष्ट टाकायची नसते, आणि आजी करते म्हणून ठेवायची पण नसते, ती गोष्ट समोरच्या माणसाला जवळ आणते की लांब लोटते ते बघायचं.

अजून एक, कारण श्रद्धा घरातच मावते असं तुला वाटू नये. वसईत नव्वदच्या आसपास बिल्डर आणि गुंडांचं राज्य यायला लागलं, बागा जायला लागल्या, आपल्याकडे वाडीवाडीत बावखलं होती ना, पावसाचं पाणी साठून विहिरी जिवंत ठेवणारी तळी, ती भरून इमारती व्हायला लागल्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले, हरित वसई संरक्षण समिती, मोर्चे, धमक्या, सगळं झालं. ज्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं, ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेच हे, २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये गेले. हिंदू ख्रिस्ती सगळे होते त्या चळवळीत. आणि हेही खरं की जमिनी विकणाऱ्यांत आपलेही होते आणि तेच रविवारी पुढच्या बाकावर. आजोबांनी आपली वाडी विकली नाही, त्यामुळे आपण श्रीमंत नाही झालो हे तुझा मामा अजून ऐकवतो.

असाइनमेंटसाठी एक टीप. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या दस्तऐवजात कुटुंबाला घरगुती चर्च म्हटलंय आणि पवित्र होणं हे फक्त फादर सिस्टरांचं काम नाही, सगळ्यांचं आहे असंही आहे. तो संदर्भ टाक, टीचर खूश होतील, पण त्याच्याखाली पालकाची जुडी लिही.

आणि कन्फर्मेशनला घ्यायचं संताचं नाव. तू सेंट सेसिलिया म्हणालीस कारण तुला गाणं आवडतं, छान आहे. पण एकदा आपल्या गोन्सालो गार्सियाचा पण विचार कर. वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई तिथलीच, लहानपणी जेझुइटांबरोबर जपानला गेला, मग व्यापार केला, चांगला चालला होता, तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. फादर नव्हता. त्याला जपानी उत्तम यायची म्हणून दुभाष्या म्हणून परत जपानला नेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर मारलं त्यात तो होता. १८६२ मध्ये संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. गासचं चर्च त्याच्याच नावाने आहे, मागच्या सुट्टीत तू तिथे आइस्क्रीमसाठी रडली होतीस ते. मुलीने पुरुष संताचं नाव घ्यायला काही अडचण नसते असं मला वाटतं, तरी रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांना तूच विचार, मी विचारणार नाही. सेसिलियाच ठेवलंस तरी मी रुसणार नाही, आजी रुसेल थोडी.

फॉर्मवर माझी सही लागेल ना, फ्रिजवर लावून ठेव, मी पहाटे आले की करते. डाळ गरम करून घे, भात कुकरमध्ये आहे.

आई