पालकमंत्री नेमका कुणाचा पालक?

प्रश्न : आम्ही रायगडवाले. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी आली, त्यात आदिती तटकरेंचं नाव आलं, पदासाठी अडून बसलेल्या भरत गोगावलेंचे समर्थक रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी नाशिकसोबत आमची पण नेमणूक लटकली. मला एवढंच कळत नाही, मंत्री तर दोघंही होतेच ना, मग या पदात एवढं आहे तरी काय? घटनेत आहे का हे? — एक वाचक, माणगाव

उत्तर : घटनेत शोधू नका, सापडणार नाही. मंत्री घटनेतले, जिल्हा वाटून देणं हा सरकारचा नुसता आदेश, आज निघतो उद्या थांबतो, तुम्ही बघितलंच. पण घटनेत कलम २४३ झेडडी आहे, जिल्हा नियोजन समितीचं, आणि खरी मेख तिथे आहे. आपल्याकडे त्या समितीचा अध्यक्ष पालकमंत्री आणि सचिव जिल्हाधिकारी. लोक तिला अजून जुन्या इंग्रजी नावावरून डीपीडीसीच म्हणतात. गावचा रस्ता, शाळेची खोली, स्मशानाची शेड, साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, असली जी कामं रोजच्या जगण्यात लागतात त्यातली बरीचशी या समितीसमोर येणाऱ्या जिल्हा वार्षिक योजनेतून होतात, आणि यादीत कुठलं गाव वर जाणार कुठलं खाली, यात पालकमंत्र्याचा शब्द चालतो. आता कळलं ना टायर का जळतात. नाशिकला तर वर २०२७ चा कुंभमेळा पण होता.

कायद्यानं या समितीचे दर पाचातले चार सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्यांमधून यायला हवेत. म्हणजे मंत्र्यासमोर बसून नाही म्हणणारी माणसं. पण २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर काही वर्षं प्रशासकच होते, निवडून आलेले नव्हतेच, मग नाही कोण म्हणणार?

मी वार्ताहर होतो तेव्हा अशा मीटिंगा पुष्कळ कव्हर केल्यात, जिल्ह्याचं नाव घेत नाही. अकराची मीटिंग एकला सुरू, प्रत्येकासमोर जाडजूड पुस्तिका आणि पाण्याची बाटली, पुस्तिका कोणी उघडत नाही बाटली सगळे उघडतात, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं असं समजून मंजूर. एकदा एक सदस्य साकवासाठी उठले, दोन पावसाळे झाले म्हणाले, पोरं वहाळातून शाळेत जातात, मंत्री मान न वळवता म्हणाले "घ्या हो लिहून", आता कोणी लिहिलं ते देव जाणे कारण पुढच्या मीटिंगला तेच सदस्य तोच साकव घेऊन परत उभे. तोवर चहा आला आणि विषय गेला.

प्रश्न : पालकमंत्री जिल्ह्यातलाच पाहिजे असं तुम्हाला नाही का वाटत? बाहेरचा माणूस येतो, झेंडा फडकवतो, सर्किट हाऊसला जेवतो नि जातो. — एक वाचक, भंडारा

उत्तर : तुमचा राग समजतो. २०२२ मध्ये सरकार बदललं तेव्हा पालकमंत्री नेमायलाच सप्टेंबर उजाडला, पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला वेगळी यादी काढायला लागली, आणि नेमले तेव्हा एकट्या फडणवीसांकडे सहा जिल्हे, नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, भंडारा, गडचिरोली. तुमचा भंडारा पण त्यातच. एवढ्यात कुठे कुठे पुरणार माणूस.

पण घरचाच माणूस म्हणजे सगळं छान हे मला पटत नाही. मंत्री शपथ घेताना म्हणतो कोणाविषयी ममत्वभाव किंवा आकस बाळगणार नाही, आणि घरचा पालकमंत्री झाला की ममत्व आधी स्वतःच्या मतदारसंघात ओसंडून वाहतं, शेजारच्या तालुक्यात आमदार विरोधी पक्षाचा असेल तर मग बघायलाच नको. बाहेरच्याला निदान कुठल्या गावात मामा नसतो. मला विचाराल तर महिन्यातून दोनदा येणारा बाहेरचा चालेल, त्याला फक्त मुंबईत कॅबिनेटला आपल्या जिल्ह्यासाठी तोंड उघडता आलं पाहिजे. जिल्ह्याचं म्हणणं वर नेणं हे खरं त्याचं काम, वरचा निधी खाली वाटत बसणं नंतरचं. आता गडचिरोली मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडेच ठेवलाय, फाइल वर न्यायचा प्रश्नच नाही, वेळ किती मिळतो तेवढं विचारा.

प्रश्न : दर मंत्रिमंडळ विस्ताराला पेपरात तक्ता येतो, मराठवाड्याला इतकी मंत्रिपदं विदर्भाला इतकी. जास्त मंत्री म्हणजे जास्त विकास, असं असतं का? — एक वाचक, परभणी

उत्तर : असतं तर यवतमाळ आज कुठच्या कुठे असतं. वसंतराव नाईक पुसदचे, ११ वर्षांहून जास्त मुख्यमंत्री. तुमच्या मराठवाड्यानं शंकरराव चव्हाण दिले, विलासराव दिले. तरी १९८४ मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली तूट, मोजला तो ३,१८६ कोटींचा निघाला, त्यात विदर्भाचा वाटा सगळ्यात मोठा. मंत्री किती हा आकडा मोजायला सोपा म्हणून पेपरात येतो हो. शिवाय २८८ आमदारांच्या १५ टक्के म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३ च्या वर मंत्री करता येत नाहीत आणि जिल्हे ३६, त्यात पक्ष बघायचा, जात बघायची, नाराज बघायचे, विभाग शेवटी आठवतो.

त्यापेक्षा विदर्भ, मराठवाडा अशा विभागांसाठीची वैधानिक विकास मंडळं जास्त कामाची होती असं माझं मत. १९९४ ला आली, दात फार नव्हते पण राज्यपालांना निधीवाटपाचे निर्देश देता यायचे, म्हणजे मंत्री कुठल्याही भागाचा असो, कागदावर हिशोब दाखवायला लागायचा. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. तेव्हापासून विदर्भ मराठवाड्यातून मंत्री कमी पडले का? नाही ना.

प्रश्न : बाकी सोडा, आमच्या गावचं काम यादीत आहे की नाही हे कुठे कळेल? पालकमंत्र्यांच्या पीएला तीनदा फोन केला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." — एक वाचक, चिपळूण

उत्तर : पीएला सोडा. जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा नियोजन अधिकारी बसतो, त्याच्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं काम, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शेवटच्या दोन बैठकांचं इतिवृत्त मागा, आणि तुमच्या कामाला प्रशासकीय मान्यता कुठल्या तारखेची आहे ते मागा. नुसतं "मंजूर आहे का" विचारू नका, "विचाराधीन" असं उत्तर येईल. आणि अर्ज मार्चच्या आत टाका, मार्च एंडला त्या ऑफिसात उभं राहायला पण जागा नसते.