पुस्तक कोणतं घेऊ भाऊ?

भाऊ, सिनियरने सी प्रोग्रामिंगचं जुनं पुस्तक शंभर रुपयात दिलं, लॅबमध्ये पहिलाच प्रोग्राम चालेना. फेकू का? (अमळनेर, डिप्लोमा)

फेकू नको रे. आधी पहिलं पान बघ, वर कोनिओ डॉट एच, खाली व्हॉइड मेन असं असेल तर ते टर्बो सीचं पुस्तक आहे, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातलं, आणि तुमच्या लॅबला लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर (प्रोग्राम चालण्याजोगा करणारा) असणार, त्याला कोनिओ माहीतच नाही. कोनिओची ओळ, क्लिअर स्क्रीनची (clrscr) आणि गेट-सीएचची (getch) ओळ काढून टाक, व्हॉइडचं इंट कर, बहुतेक चालेल. पॉइंटर, ॲरे, लूप तेच आहेत. आणि कोणी कर्निगन-रिची या जोडीचं सीचं पुस्तक घे म्हटलं तर घे, पण नंतर. १९७८ चं पुस्तक, १९८८ ची दुसरी आवृत्ती घ्यायची, सोनं आहे, पण अगदी नवख्यासाठी लिहिलेलं नाही ते.

आमचा केळीचा धंदा, हिशोब सगळा एक्सेलमध्ये. मी बारावी आर्ट्स. पायथन प्रोग्रामिंगचं पुस्तक सांगा, स्वस्तातलं. (रावेर)

स्वस्त कशाला, फुकट घ्या! ॲल स्वायगार्टचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन' लेखकानेच नेटवर वाचायला ठेवलंय, त्यात एक्सेलवर वेगळा धडाच आहे. इंग्रजी सोपं आहे. रद्दीतून घेणार असाल तर प्रोग्राममधल्या प्रिंट या शब्दापुढे कंस आहे का बघा, नसेल तर ते पायथन २ चं, २०२० च्या १ जानेवारीपासून त्याचा सपोर्ट बंद.

आणि वाचू नका, टाइप करा. मी एक जाडजूड पुस्तक जळगाव-भुसावळ गाडीत बसून कादंबरीसारखं संपवलं होतं, घरी कॉम्प्युटरसमोर बसलो तर एक ओळ येईना. टाइप केलं की चुका होतात, तिथेच शिकतो माणूस. पायथनमध्ये इनपुट या आज्ञेने १२ आणि १५ क्विंटल घ्या, बेरीज करा, उत्तर येईल १२१५! इनपुटमधून आकडा नाही, मजकूर येतो, तो इंटमध्ये घालून आकडा करावा लागतो. एकदा ट्रकऐवजी मालगाडी भरली की आयुष्यभर विसरणार नाही तुम्ही.

मुलगा सहावीत आहे, जावाचं पुस्तक आणू का? (धुळे)

नका आणू ताई. स्क्रॅच हे मुलांसाठीचं, ठोकळे जोडून करायचं प्रोग्रामिंग फुकट आहे, त्यातलं मांजर नाचवू द्या त्याला. जावा कुठे पळून जात नाही.