एफसीएस या आनुवंशिक आजारावर सध्या कोणतं संशोधन चालू आहे? हा जीवनशैलीचाच आजार ना?

एफसीएस, म्हणजे फॅमिलिअल कायलोमायक्रोनेमिया सिंड्रोम, माझ्या धाकट्या भावाला आहे. जेवणातली चरबी रक्तातून हटतच नाही, साचत जाते आणि त्याने स्वादुपिंड सुजतं. संशोधनाचं सांगते, पण ते शेवटचं 'जीवनशैलीचाच ना?' आधी निस्तरू. नाही. जनुकाचा आहे.

भाऊ कॉलेजात असताना पोट धरून कोसळला. स्वादुपिंडाला सूज. कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न, "दारू किती घेतोस?" थेंबाला न शिवलेला पोरगा. पण काका शेजारीच उभे होते, त्यांनी ते वाक्य उचललं आणि गावभर केलं. लॅबनेही सॅम्पल परत पाठवलं, "उपाशीपोटी पाठवा." सलाइनवरचा मुलगा खाणार काय, कपाळ? शेवटी तिथल्या एका वयस्क टेक्निशियन बाईंनी सीरमची ट्यूब रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली आणि सकाळी मला बोलावून दाखवली. वर दुधावर धरते तशी जाड पांढरी साय, खाली बऱ्यापैकी नितळ सीरम. "हे कायलोमायक्रॉन, जेवणातल्या चरबीचे कण, वर तरंगतात. व्हीएलडीएल, म्हणजे यकृतातून येणारी चरबी, असतं तर खालचंही गढूळ राहिलं असतं," म्हणाल्या. निदानाची दिशा तिथे मिळाली. पुढे जीन टेस्टमध्ये एलपीएलचाच दोष निघाला, म्हणजे रक्तातली ही चरबी फोडणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाचा.

आता संशोधन. एन्झाइमच निकामी, त्यामुळे स्टॅटिन, फायब्रेट ही रक्तातली चरबी उतरवणारी नेहमीची औषधं फारसं काही करत नाहीत. आधी जीन थेरपी झाली, म्हणजे चांगलं जनुक शरीरात सोडायचं. ग्लायबेराला 2012 मध्ये युरोपात मान्यता मिळाली, मांडीच्या स्नायूंत इंजेक्शनं, किंमत दहा लाख युरोंच्या घरात. घेणार कोण? 2017 मध्ये गुंडाळलं. माझ्या मते ते किमतीनेच मेलं, जरी ट्रायग्लिसराइडवरचा (रक्तातल्या याच चरबीवरचा) परिणाम टिकत नव्हता हेही खरं.

खरी कलाटणी 2014 ची. एपीओसी-3 हे प्रथिन एलपीएलला अडवतं, एवढंच तोवर धरून चालायचे. मग ज्यांच्यात एलपीएल चालतच नाही, त्यांच्यात ते दाबून काय मिळणार? तरी तीन रुग्णांवर करून पाहिलं आणि ट्रायग्लिसराइड 56 ते 86 टक्के उतरलं! म्हणजे ते प्रथिन एलपीएलला सोडून दुसऱ्या वाटेनेही आडवं येतं. ते औषध व्होलानेसोर्सेन. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घसरतात म्हणून 2018 मध्ये अमेरिकेने नाकारलं, 2019 मध्ये युरोपने अटी घालून घेतलं. त्याच प्रथिनावरचं पुढचं ओलेझारसेन नेमकं यकृताच्या पेशींत पोचतं, महिन्याला एक इंजेक्शन, अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मंजूर. 66 जणांच्या चाचणीत प्लासिबो (बिनऔषधाचं इंजेक्शन) गटात पॅन्क्रियाटायटिसचे, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेचे, 11 झटके आले, औषधाच्या दोन्ही डोसांच्या गटांत मिळून 2. मला हाच आकडा महत्त्वाचा वाटतो, रिपोर्टवरची टक्केवारी नंतर. याच जातीचं प्लोझासिरान तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं, ते 2025 मध्ये आलं. पथ्य मात्र यातल्या कशानेही सुटत नाही. दिवसाला 15-20 ग्रॅम चरबी म्हणजे फोडणी, दाण्याचं कूट, खोबरं, सगळं मोजून. आणि खोबरेल म्हणजे एमसीटी तेल (या रुग्णांना चालणारं खास तेल) नव्हे, हे कृपया नातेवाइकांना सांगा.

आमची आई बाबांच्या मामाची मुलगी. दोघंही वाहक, म्हणजे जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत सदोष, त्यांना स्वतःला काही त्रास नाही, पण प्रत्येक मुलाला 25 टक्के धोका. हे कळल्यावरही काकांनी भावासाठी आमच्या मामाच्या मुलीचं स्थळ काढलं. "आपल्यात चालत आलंय, कुणाला काय झालं?" कुणाला म्हणजे? समोर बसलाय तो! मी म्हटलं, आधी तिची जीन टेस्ट करा, ती वाहक निघाली तर प्रत्येक मुलाला निम्मा धोका. तेव्हापासून मी आगाऊ.

आणि हो, ट्रायग्लिसराइड हजारावर गेलं म्हणजे हाच आजार असं नाही. बहुतेकांच्या बाबतीत मधुमेह, थायरॉइड, एखादं औषध आणि हो, दारूसुद्धा कारण असते. मी डॉक्टर नाही. पण लहान वयात, वारंवार, कारण न सापडता होत असेल तर जीन रिपोर्ट काढाच, भावंडांचंही ट्रायग्लिसराइड तपासा आणि घरातल्या काकांना रिपोर्टची झेरॉक्स द्या. मी दिलीय. चष्मा सापडत नाही म्हणून त्यांनी अजून वाचलेली नाही.