आठ लाखांतले तुमचे किती?

पत्र कोल्हापूरहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई 44 वर्षांच्या आहेत. राजारामपुरीत एका जुन्या बंगल्याचा तळमजला भाड्यानं घेऊन चार वर्षं चित्रांचं दालन चालवतात. वर्षाला दहा-बारा प्रदर्शनं आणि महिन्यातून एका शनिवारी साठ खुर्च्यांच्या खोलीत गाण्याची बैठक. त्या विचारतात: "बैठकींना प्रतिसाद चांगला आहे. महिन्याला एकऐवजी चार करायच्या आहेत. साउंड सिस्टिमला 6 लाख, भिंतींच्या अकूस्टिक कामाला 5 लाख, एसीला 3 लाख, असा 14 लाखांचा खर्च आहे. खात्यात 8 लाख आहेत. त्यातले 5 घालून 9 लाखांचं कर्ज 13 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घ्यावं, की कर्ज कमी करून खात्यातले जास्त घालावेत?"

पत्राच्या शेवटी जाता जाता तीन गोष्टी लिहिल्या आहेत. दिवाळीच्या दोन प्रदर्शनांतल्या 14 चित्रकारांचे 9 लाख 40 हजार "हळूहळू देणं चालू आहे". तीन गिऱ्हाइकांनी चित्रांसाठी दीड लाख आगाऊ दिले आहेत. आणि बँकेनं सुचवलेल्या युलिपचे, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीचे, प्रत्येकी 3 लाखांचे दोन वार्षिक हप्ते भरून झाले, तिसरा पुढच्या महिन्यात आहे.

ताई, कर्जाचं आधी उरकू. घेऊ नका. 300 रुपयांचं तिकीट, सरासरी 42 माणसं, म्हणजे 12,600 जमतात. मुख्य गायक, तबला आणि पेटी मिळून मानधन 12,000, साउंडवाला 3,500, चहापाणी 1,200. खर्च 16,700. एका बैठकीला 4,100 आत्ताच खिशातून जातात. सिस्टिम स्वतःची झाली तरी ती चालवायला माणूस लागेल, त्याचे हजार धरा. बैठकीचा तोटा 1,600 वर येतो, चार बैठकींचा 6,400. त्यावर कर्जाचा हप्ता 20,500. महिन्याला 27,000, वर्षाला सव्वातीन लाख. साठही खुर्च्या चारही शनिवारी भरल्या तरी हाती 15,200 येतात आणि हप्ता 20,500 चाच राहतो. हाउसफुल्ल होऊनही जे कर्ज फिटत नाही, त्याचा विचार करण्यात वेळ घालवू नका.

शिवाय साठ माणसांच्या खोलीत ख्याल ऐकायला सहा लाखांची सिस्टिम कशाला? तुमच्याकडे अडचण आवाज कमी पडण्याची नाही, तो घुमण्याची आहे. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स आणि चारी बाजूंना कोरा गिलावा असला की तान संपल्यावरही आवाज खोलीत फिरत राहतो. सतरंजी आणि गाद्या घाला, खिडक्यांना जाड पडदे लावा, गायकाच्या पाठीमागच्या भिंतीला दुपदरी कापड टांगा. हे तीस-चाळीस हजारांत होतं, आणि जागा सोडताना सोबत नेता येतं. भिंतीला चिकटवलेले पॅनेल मात्र घरमालकाचे होतात. तुमच्या लिव्ह अँड लायसन्सचे 14 महिने उरले आहेत, हेही तुम्हीच लिहिलं आहे. आधी दोन बैठका बिनमाइकच्या करून पाहा. वस्तीत रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद ठेवावाच लागतो. बैठक बिनमाइकची असली तर शेजाऱ्यांशी निम्मी भांडणं होणारच नाहीत.

तिकीट 500 पर्यंत न्यायला हरकत नाही. संगीताच्या कार्यक्रमाच्या प्रवेशावर माणशी 500 पर्यंत जीएसटी नाही, त्याच्या वर 18 टक्के लागतो. 400 रुपये आणि 42 माणसं धरली तर 16,800, म्हणजे बैठक आहे तशीच बरोबरीत सुटते. भावगीतं, चित्रपटगीतं गाणार असाल तर हक्कधारकांच्या संस्थेचा परवाना घ्यावा लागतो, तो खर्च वेगळा. पारंपरिक बंदिशींना तो लागत नाही.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. खात्यातल्या 8 लाखांपैकी चित्रकारांचे 9 लाख 40 हजार आणि गिऱ्हाइकांचे दीड लाख वजा करा. देणं 10 लाख 90 हजार आहे. म्हणजे त्या खात्यात तुमचा एक रुपयाही नाही, उलट 2 लाख 90 हजार कमीच आहेत. ते गेले कुठे, ते युलिपच्या दुसऱ्या हप्त्याच्या तारखेला दिसतं. हप्ता 3 लाखांचा होता. तुमच्या विम्याचा हप्ता चौदा चित्रकारांनी भरला, आणि त्यांना ते माहीत नाही.

तुम्ही हे मुद्दाम केलेलं नाही, हे दिसतं. चित्र 50,000 ला विकलं की 50,000 तुमच्या बचत खात्यात येतात आणि शिल्लक फुगते. मग बँकेतला माणूस ती शिल्लक पाहून चहा पाजतो आणि कागद पुढे करतो. तो बघतो शिल्लक, देणी त्याला दिसत नाहीत. पण तुम्हाला दिसायला हवी होती. गेल्या वर्षी 26 लाखांची चित्रं विकली गेली. 30 टक्के कमिशननं तुमचे 7 लाख 80 हजार, बाकीचे 18 लाख 20 हजार दुसऱ्यांचे. भाडं 4 लाख 56 हजार, मदतनीस 1 लाख 68 हजार, वीज 60,000, कॅटलॉग आणि उद्घाटनं 90,000, बैठकींचा तोटा 50,000. खर्च 8 लाख 24 हजार झाला. दालन सुमारे 45,000 तोट्यात आहे. "तीन वर्षं फायद्यात" हे वाक्य पासबुकातून आलेलं आहे, हिशेबातून नाही.

हे खातं तुमच्या एकटीच्या नावावर आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर ती शिल्लक नॉमिनीकडे जाईल, आणि चौदा चित्रकार तुमच्या मुलाच्या दारात उभे राहतील. त्यांच्या हातात काय कागद आहे? तुम्ही लिहिता, "सगळे ओळखीचे, तोंडी ठरतं."

करायचं असं. दालनाच्या नावानं एक चालू खातं उघडा, ते फक्त चित्रकारांच्या पैशांसाठी. विक्रीचे पैसे जमा झाले की त्याच दिवशी 70 टक्के तिकडे वळवा आणि तीस दिवसांच्या आत चित्रकाराला द्या. आगाऊ रकमाही त्याच खात्यात ठेवा. त्या खात्याचं कार्ड घेऊ नका, आणि बँकेनं त्या शिल्लकीवरून फोन केला तर "हे पैसे माझे नाहीत" एवढं सांगून ठेवून द्या. प्रदर्शनाला चित्र येताना दोन प्रतींत पावती करा: चित्राचा क्रमांक, माध्यम, आकार, किंमत, कमिशन, फ्रेम कोणाच्या खर्चानं, न विकलं तर परत न्यायची तारीख. सवलतीची ओळ विसरू नका, वाद तिथेच होतो. गिऱ्हाईक 50,000 च्या चित्रावर 5,000 कमी करून मागतं. ते दोघांनी वाटून घेतले तर 45,000 चे 70 टक्के, म्हणजे 31,500 चित्रकाराला जातात. तुम्ही एकटीनं सोसले तर त्याला 35,000 आणि तुम्हाला 10,000 राहतात. दोन्ही चालतं, पण आधी लिहिलेलं असू द्या. आणि चेक वटेपर्यंत चित्र भिंतीवरून हलवू नका.

तुटीचे 2 लाख 90 हजार घरच्या 5 लाखांच्या मुदत ठेवीतून आणा. ठेव मोडताना थोडं व्याज जाईल, जाऊ द्या. यजमानांचा पगार चालू आहे, तेव्हा घराला उरलेले 2 लाख काही महिने पुरतील. चौदाही जणांना याच पंधरवड्यात पैसे द्या. दिवाळीच्या विक्रीचे पैसे अजून "हळूहळू" मिळताहेत, हे कोल्हापुरातल्या चित्रकारांमध्ये एकदा पसरलं की चांगला माणूस तुमच्या भिंतीकडे फिरकणार नाही.

आता ती युलिप. "करमुक्त आणि पेन्शनसारखी" असं तुम्हाला सांगितलं गेलं. वर्षाला अडीच लाखांहून जास्त हप्त्याच्या नव्या युलिपच्या नफ्यावर कर लागतो, हा नियम फेब्रुवारी 2021 पासून आहे. तुमचा हप्ता 3 लाखांचा. विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं मानायला मी तयार नाही. या पॉलिसीवर कर्जही मिळत नाही. संरक्षण 30 लाखांचं, आणि तेवढ्याच रकमेची शुद्ध मुदत विमा पॉलिसी तुमच्या वयाला याच्या किरकोळ अंशात मिळते.

तिसरा हप्ता भरू नका. भरलात तर तोही चित्रकारांच्या पैशांतूनच जाणार. हप्ता थांबला की थोडं शुल्क कापून रक्कम बंद पॉलिसींच्या फंडात जाते. तिथे किमान 4 टक्के मिळतात आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावर पैसे हातात येतात. शुल्क काही हजारांत संपतं. तीन वर्षं अडकतील, मान्य आहे. पण 6 लाख वाचवायला आणखी 9 लाख ओतणं हा उपाय नव्हे. हप्ता बंद झाला की विम्याचं छत्रही जातं, म्हणून मुदत विमा आधी हातात घ्या आणि मग ही सोडा. बँकेच्या आणि विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा, दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मात्र कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर तुम्ही सगळ्याला "हो" म्हटलं आहे, तेव्हा फार आशा ठेवू नका.

जीएसटीचं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे: "कमिशन आठ लाखांच्या आत, म्हणून नोंदणी नाही." बिलबुक कोणाच्या नावाचं आहे? दालनाच्या नावानं बिल फाडत असाल तर इतरांच्या वतीनं केलेली विक्रीही तुमच्या उलाढालीत मोजली जाते. म्हणजे 26 लाख, आणि तुमच्यासाठी मर्यादा 20 लाखांची. हातानं केलेल्या चित्रांवरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, पण आधीच्या विक्रीला जुना दर आणि वर व्याज लागेल. याच आठवड्यात सीएकडे जा. पुढे चित्रकारांनी स्वतः बिल द्यायचं आणि तुम्ही फक्त कमिशनचं, ही पद्धत बसते का तेही विचारा.

दुकानाच्या विम्याची पॉलिसीही काढून वाचा. साधारणपणे अशा पॉलिसीत कमिशनवर विकायला ठेवलेला दुसऱ्याचा माल आणि कलाकृती, वेगळं लिहून घेतल्याशिवाय, धरलेल्या नसतात. भिंतीवर 20 लाखांची चित्रं आणि विमा खुर्च्या-टेबलांचा, असं होऊ नये. बैठकीच्या दिवशी कागदावरची जलरंगातली चित्रं उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवा. पावसाळ्यात साठ माणसं बंद खोलीत तीन तास बसली की काचेच्या आत बाष्प धरतं आणि कागद फुगतो. समई चित्रांपासून लांब ठेवा आणि पहिली रांग भिंतीपासून तीन फुटांवर घ्या, म्हणजे खुर्चीची पाठ कॅनव्हासला लागणार नाही.

45,000 ची तूट भरणं कठीण नाही. त्यासाठी चित्रकारांकडून भिंतीचं भाडं मागू नका, ते दसरा चौकातल्या शाहू स्मारकच्या दालनाकडे वळतील. दालन रिकामं असेल त्या दिवशी पुस्तक प्रकाशनाला किंवा कार्यशाळेला 3,000 नं द्या. महिन्याला दोन झाले तरी वर्षाचे 72,000 होतात.

युलिपचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो असं दिसतं. बँकेत जाऊन ते मँडेट लेखी अर्जानं रद्द करा, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या आणि आठ दिवसांनी नेट बँकिंगवर ते खरंच निघालं आहे का ते पाहा. तारखेच्या आदल्या दिवशी गेलात तर उशीर होईल, सोमवारीच जा.