समुद्रातून वीज बनवण्याच्या प्रगतीत सरकारी धोरणामुळे खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि बऱ्याचदा तंत्रज्ञानापेक्षाही जास्त. ब्रिटनमधल्या भरती-ओहोटीच्या प्रवाहावर फिरणाऱ्या टर्बाइनचं उदाहरण बघा. तिथे सरकार लिलावातून प्रकल्पांशी १५ वर्षांचा करार करतं. विजेचा बाजारभाव ठरलेल्या दराखाली गेला तर फरक प्रकल्पाला मिळतो, वर गेला तर प्रकल्पाने तो परत करायचा. योजना उत्तम, पण सुरुवातीला या टर्बाइनना समुद्रातल्या पवनचक्क्यांशी स्पर्धा करावी लागे. पवनऊर्जा तोवर कितीतरी स्वस्त झालेली, त्यामुळे यांच्या हाती काहीच लागेना. २०२२ च्या लिलावात सरकारने वर्षाला २ कोटी पौंड फक्त यांच्यासाठी राखून ठेवले आणि त्याच फेरीत सुमारे ४० मेगावॉटचे करार झाले. समुद्र तोच, टर्बाइनही तीच, बदलला तो लिलावाचा नियम.

चाचणीची जागा हाही धोरणाचाच भाग, आणि माझ्या मते त्याकडे फार दुर्लक्ष होतं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर २००३ मध्ये सार्वजनिक पैशातून चाचणी केंद्र उभं राहिलं. समुद्रतळापासून किनाऱ्यापर्यंतची केबल आणि ग्रिडची जोडणी तिथे आधीच तयार असते. छोट्या कंपनीला हे सगळं स्वतः करायचं म्हटलं तर यंत्र पाण्यात उतरण्याआधीच पैसे संपतील.

उलटंही घडतं. स्वान्सी उपसागरातला भरती-ओहोटीचा प्रकल्प वर्षानुवर्षं चर्चेत राहिला आणि २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने वीज महाग पडेल म्हणून त्याला नकार दिला.

म्हणून एखाद्या देशाचं धोरण तपासताना अनुदानाचा आकडा नंतर बघा. आधी परवान्याची फाइल किती खात्यांतून फिरते ते बघा. डेन्मार्कमध्ये समुद्री पवनऊर्जेसाठी ती एकाच ऊर्जा विभागाकडे जाते.